पुढचं गावात विचारा

सह्याद्रीत धोक्याची पाटी वाचायची आपली एक खास पद्धत आहे. पाटीवर लिहिलेलं असतं, ‘सावधान! येथे पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे.’ त्यातला ‘सक्त’ बहुधा मागच्याच पावसाळ्यात वाहून गेलेला असतो. माणूस पाटीसमोर थांबतो, ती शेवटपर्यंत वाचतो, बरोबरच्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, तिला टेकून फोटो काढतो आणि मग तिच्याच खांबापाशी चपला काढून पाण्यात उतरतो. पाट्यांचा काही उपयोग होत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे. चपला कुठे काढल्या होत्या, हे परत येताना पाटीमुळेच कळतं.

काही पाट्यांवर आजवर तिथे बुडालेल्यांचा आकडा रंगवलेला असतो. तिथे मंडळी जरा जास्त वेळ थांबतात. चर्चा होते, हळहळ होते आणि शेवटी कुणीतरी निकाल देतं, “त्यांना पोहता येत नसणार.” झालं, सभा बरखास्त. आकडा रंगवणाऱ्याला वाटलेलं असतं की तो वाचून माणूस दचकेल. पण आकडा कितीही मोठा असला तरी वाचणारा त्यात नसतो, आणि जिथे आपण नाही त्या हिशेबाची आपल्याला कधीच भीती वाटत नाही.

माझे एक मामा या शास्त्रातले अधिकारी पुरुष. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एक अख्खं कपाट प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांनी भरलं आहे. त्यातल्या निम्म्या देशांत ते गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत, पण त्या देशांत स्टेशनपासून संग्रहालयापर्यंत टॅक्सीला किती पडतात ते त्यांना पाठ आहे. ‘प्रवेश बंद’ या दोन शब्दांचा अर्थ ते असा लावतात: “बंद म्हणजे गर्दीला बंद. आपण थोडीच गर्दी आहोत? आपण थोडाच कचरा करणार आहोत?” मामा खरोखरच कचरा करत नाहीत. केळ्याचं सालसुद्धा पिशवीत घालून घरी आणतात. एवढ्या पुण्याईवर निसर्गाने आपल्याला सर्वत्र मुक्तद्वार ठेवावं, ही त्यांची माफक अपेक्षा.

मामी म्हणतात, “अहो, वनखात्याने लिहिलंय ना बंद म्हणून!”

“अगं, पण पुस्तकात लिहिलंय ना, इथून सूर्यास्त अप्रतिम दिसतो म्हणून!”

रंगवलेल्या शब्दापेक्षा छापलेला शब्द मोठा, ही श्रद्धा मामांची एकट्याची नाही. ती शंभर-दोनशे वर्षांत जगभर रुजली. लंडनच्या जॉन मरेने प्रवाशांसाठी पहिलं हँडबुक काढलं ते १८३६ मध्ये. त्याच दशकात जर्मनीतल्या कोब्लेंझमध्ये कार्ल बेडेकर हा प्रकाशक या धंद्यात उतरला. १८५९ मध्ये मरेच्या मालिकेत मद्रास आणि मुंबई इलाख्यांवरचं पुस्तकही आलं, म्हणजे आपले घाटही तेव्हापासून ‘पाहण्यासारखे’ झाले. बेडेकर हा मोठा काटेकोर माणूस. त्याची एक गोष्ट सांगतात. मिलानच्या कॅथीड्रलचा जिना चढताना तो म्हणे दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकत होता, म्हणजे वर गेल्यावर वाटाणे मोजले की पायऱ्या कळल्या. उतरताना हाच प्रयोग उलटा, पडताळा म्हणून. आपल्या गडांवर आला असता तर बिचाऱ्याला खिसे पुरले नसते, पोतं आणावं लागलं असतं.

या सगळ्या मेहनतीमागचा हेतू बेडेकरने स्वच्छ सांगितला होता. प्रवाशाला भाडोत्री वाटाड्यांच्या तावडीतून सोडवायचं. त्याने आपल्या पायांवर उभं राहावं, कुणाचा मिंधा होऊ नये. हेतू चांगलाच होता. तीर्थक्षेत्री ज्याला एकदा तरी तीन गुरुजींनी तीन बाजूंनी ओढलं आहे, तो बेडेकरला दुवाच देईल. पण या सुटकेच्या आनंदात एक लहानशी गोष्ट हातची गेली आणि ती गेल्याचं बराच काळ कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माणसाचं विचारणं थांबलं.

ठिकाणांची पुस्तकं आपल्याकडे बेडेकरच्या कितीतरी आधीपासून होती. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, ती स्थानं कोणत्या गावाच्या कोणत्या दिशेला, देऊळ कोणत्या तोंडाचं, हे त्यात बारकाईने नोंदवलं आहे. बेडेकरने शाबासकी दिली असती असं काम. फरक इतकाच की ती पोथी घेऊन निघालेल्या माणसाला तिथे पोचून नमस्कार करायचा होता, यादीतल्या नावापुढे खूण करायची नव्हती. स्थळमाहात्म्यांचंही तसंच. काय पाहायचं त्याच्या बरोबरीने तिथे कसं वागायचं, हे त्यांत आलेलंच असतं. काशीत विश्वेश्वराच्या दर्शनाला गेलात तरी काळभैरव हा त्या नगरीचा कोतवाल. त्याची परवानगी घेतल्याशिवाय काशीचा मुक्काम पुरा होत नाही. आपल्या गावांतही वेशीवर मारुती आहेच. कुठेही गेलं तरी आधी कुणाला तरी ‘येऊ का?’ म्हणून विचारायचं, हा त्या प्रवासाचा पहिला नियम.

सह्याद्रीतल्या डोंगरभटक्यांची जुनी पुस्तकंही मला याच घराण्यातली वाटतात. हरीश कापडियांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ १९७७ मध्ये आलं, आनंद पाळंद्यांच्या ‘डोंगरयात्रा’ने अनेकांना घाटवाटा दाखवल्या. या पिढीच्या लिखाणात पाण्याची टाकी, सुळके, खिंडी, एसटीच्या वेळा सगळं असायचं, आणि सगळं सांगून झाल्यावर एक सल्ला हमखास यायचा की पुढची वाट अवघड आहे, गावातून वाटाड्या घ्यावा. वरवर पाहता ही लेखकाची शरणागती. मला तो त्या पुस्तकांतला सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

कारण वाटाड्या घ्यायला गावात शिरलं की सरळ उत्तर कधी मिळत नाही. आधी आपलीच उलटतपासणी होते. “कुठनं आलाय? किती जण हाय? पोरींना चढ झेपंल का? पाणी घेतलंय का संगं?” मग आकाशाकडे एक नजर. आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं. आणि तो म्हातारा म्हणतो, “आज नका जाऊ, दादा. वर पाऊस लागलाय.”

हे ‘वर लागलाय’ कुठल्याही पुस्तकात छापता येत नाही. साम्रद गावाजवळच्या सांदण दरीत उभ्या माणसाला आभाळाची फक्त एक चिंचोळी पट्टी दिसते. डोंगरमाथ्यावर काय कोसळतंय ते त्याला कळायला मार्ग नाही. कळतं तेव्हा पाणी आत आलेलं असतं. दोन्ही बाजूंना उभा कातळ, बाजूला व्हायला जागा नाही. दरी तीच, वाट तीच, पुस्तकातलं वर्णनही अक्षरशः खरं. फक्त आजचा दिवस चुकीचा. पुस्तकाला वाट माहीत असते, पण ‘आज’ माहीत नसतो. तो गावाला माहीत असतो.

मामांना हे पटत नाही. त्यांच्या मते गावातली माणसं उगीच घाबरवतात. घाबरवत असतीलही. पण घाबरवायला समोर माणूस असला की निदान त्याच्याशी वाद घालता येतो, आणि वाद घालता घालता अर्धा तास जातो, तेवढ्यात पाऊस खरोखरच येतो.

पुस्तकाने विचारणं कमी केलं, फोनने ते पार संपवलं. टोनी आणि मॉरीन व्हीलर या जोडप्याने १९७३ मध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवून, हाताने टाचून ‘अक्रॉस एशिया ऑन द चीप’ नावाची पुस्तिका काढली, तिथून ‘लोनली प्लॅनेट’ सुरू झालं. आडवाटेच्या स्वस्त, शांत जागा शोधणाऱ्यांसाठीचं हे पुस्तक. पुढे ते इतकं खपलं की आडवाटेचे सगळे शोधक तीच प्रत काखोटीला मारून त्याच एका खानावळीत एकमेकांना भेटू लागले. तरी पुस्तकात निदान पानं उलटायला लागायची. आता तेही नाही. निळ्या ठिपक्याने लाल खुणेपर्यंत जायचं, मधे माणूस नाही, गाव नाही, म्हातारा नाही.

आइसलँडमध्ये फ्याद्रारग्ल्यूफुर नावाची दरी आहे. वाचकांनी इथे हवं तर पाणी प्यावं, मी थांबते. ज्या जागेचं नाव कुणाला घेता येत नाही ती तरी माणसांच्या तावडीतून सुटेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण २०१५ मध्ये जस्टिन बीबर या गायकाने तिथे एका गाण्याचं चित्रीकरण केलं आणि लोकांची रीघ लागली. तिथल्या शेवाळाला वाढायला वर्षानुवर्षं लागतात, उखडायला एक बूट पुरतो. २०१९ मध्ये दरी काही काळ बंद करावी लागली, राखणीला माणूस ठेवावा लागला. नाव घेता न येणं हा आता बचाव राहिलेला नाही. नाव घ्यायचंच नसतं, बोट ठेवायचं असतं.

थायलंडच्या माया बेची गंमत याहून वरची. ॲलेक्स गार्लंडची ‘द बीच’ ही कादंबरी १९९६ ची. मोजक्या प्रवाशांनी जगापासून लपवून ठेवलेला एक सुंदर किनारा, तिथे जाण्याचा हाताने काढलेला नकाशा, तो नकाशा इतरांच्या हाती लागतो आणि मग सगळ्याचाच विचका होतो, असं तिचं सूत्र. २००० साली तिच्यावर चित्रपट निघाला, लिओनार्डो डिकॅप्रिओ होता, आणि चित्रीकरण झालं माया बेवर. गुप्त जागा उघड झाल्या की नासतात, हे दोन तास डोळ्यांनी पाहून प्रेक्षक बाहेर पडले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्या जागेची तिकिटं काढली. दिवसाला हजारो माणसं, बोटींचे नांगर, खालची प्रवाळं मोडलेली. जून २०१८ मध्ये सरकारने किनारा बंद केला तो जानेवारी २०२२ पर्यंत. आता जाता येतं, पण बोट त्या खाडीत शिरत नाही, पलीकडच्या बाजूने उतरून चालत यावं लागतं, आणि पोहायला मनाई. मधल्या काळात काळ्या टोकांच्या परांचे लहान शार्क तिथे परतले. आपण शार्कला घाबरतो आणि शार्क आपल्याला. एकंदर हिशेब पाहता शार्कची भीती जास्त रास्त आहे.

आणि हवाईतल्या ओआहू बेटावरचा तो हायकू जिना! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने रेडिओच्या तारांसाठी डोंगराच्या धारेवर बांधलेला, ३,९२२ पायऱ्यांचा. १९८७ पासून लोकांना बंद. पायथ्याशी रखवालदार बसायला लागला, म्हणून लोक तो यायच्या आत, पहाटे तीनला, आजूबाजूच्या घरांच्या अंगणांतून, कुंपणांवरून चढायला लागले. आपल्याच परसातून बॅटऱ्या घेतलेली अनोळखी माणसं रोज पहाटे ‘निसर्गाच्या ओढीने’ जाताना पाहून तिथल्या रहिवाशांना निसर्गाबद्दल काय वाटत असेल ते त्यांनाच ठाऊक. शेवटी २०२१ मध्ये नगर परिषदेने जिनाच काढून टाकायचा ठराव केला, आणि २०२४ मध्ये काम सुरू झालं. पाटी कुणी वाचत नाही म्हटल्यावर जिना उचलणं हा एकच उपाय राहिला. आपण मात्र सह्याद्री उचलू शकत नाही.

या सगळ्या गोष्टींत एक पात्र कधीच सापडत नाही: गर्दीतला माणूस. गर्दी सगळ्यांनी पाहिलेली असते, गर्दीत कुणीच नसतं. सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्याहून कासला निघावं. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागलेली असते आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीत हाच संवाद चालू असतो की हल्ली इथे फार लोक येतात हो, पूर्वीचं कास राहिलं नाही. गाडी थांबलेली असल्याने या विषयाला वेळही भरपूर मिळतो. चौकशीअंती कळतं की पूर्वीचं कास म्हणजे बोलणारा पहिल्यांदा आला होता त्या दिवशीचं कास.

कासचा प्रश्न समजायचा तर खाली वाकावं लागतं. ते पठार जांभ्या दगडाचं आहे आणि त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठं झाड उभं राहू शकत नाही. म्हणून तिथे बोटभर उंचीची राज्यं आहेत. तेरड्याची गुलाबी चादर लांबून दिसते, पण खरी मौज चादरीच्या टाक्यांत. सीतेची आसवं म्हणून ओळखली जाणारी इवली जांभळी-निळी फुलं गाळणारी वनस्पती दिसायला जितकी हळवी तितकीच पोटाला पक्की. मुळांपाशी बारीक पिशव्या लावून ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवर चमकणारे थेंब हे दव नसून चिकट सापळे असतात. वायतुरा तर शास्त्रीय नावातच सातारा मिरवतो. साताऱ्याकडची ही उंच पठारं हेच त्याचं माहेर. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यांत कास आहे. तरी सात वर्षं तयारी करून कारवीचं एक झुडूप फुलतं आणि त्याच दिवशी एक जोडपं त्याच्यावर आडवं होऊन फोटो काढतं. त्या पातळ मातीवर पाऊल दाबून बसलं की पुढच्या वर्षीचं बी तिथे धरत नाही. पण फोटोत फुलं येतात, माती येत नाही.

बंदोबस्त झाला. हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, प्रवेशशुल्क, आसपासच्या गावांच्या समितीची माणसं शिट्ट्या घेऊन उभी. मधे पठाराला तारेचं कुंपणही घातलं होतं. मग लक्षात आलं की कुंपणाने माणसांबरोबर गुरंही अडली, आणि गुरांचं चरणं, तुडवणं हे या पठाराच्या जुन्या व्यवहाराचाच भाग होतं. नुसतं गवत माजलं तर फुलांना जागा कुठली? कुंपण पुढे काढलं गेलं. म्हशीला आत जायची मुभा आणि आपल्याला मनाई, हे ऐकून मामांचा स्वाभिमान चांगलाच दुखावला. “म्हणजे म्हशीपेक्षा आम्ही गेलेले का?” मामी म्हणाल्या, “म्हैस निदान फुलांत झोपून फोटो काढत नाही हो.”

काजव्यांचंही हेच. मेअखेरीला, पाऊस तोंडावर आला की भंडारदऱ्याच्या परिसरात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे एका लयीत उजळतात आणि विझतात. तो उजेड आपल्यासाठी नसतो. उडता नर आपल्या जातीच्या लयीत दिवा लावून विचारतो आणि मादी खालून ठरावीक वेळाने उत्तर देते. त्यांचं लग्न जमायचा तो एवढा एकच काळ. हा उजेड पाहायला आपण मोटारींचे हेडलाइट लावून जातो. झाडाखाली पोचल्यावर नीट दिसावं म्हणून बॅटरी मारतो. मग म्हणतो, “यंदा काजवे कमी आहेत.” जमिनीवर, पाचोळ्यात उत्तर देणारी मादी आपल्या बुटाखाली असण्याचा बराच संभव आहे, पण ती तक्रार करायला येत नाही. म्हणून वनखातं दरवर्षी येण्याजाण्याच्या वेळा ठरवतं, बॅटरी लावू नका, गोंगाट करू नका म्हणून सांगतं. अंधार पाहायला आलेल्यांना अंधारात उभं राहायला सांगावं लागतं, हे काम मोठं कठीण असणार.

मग पूर्वी हे कसं जमत होतं? पूर्वीची माणसं फार समंजस होती असं म्हणायचा मोह होतो, पण मला त्यांच्याबद्दल इतकी खात्री नाही. त्यांच्याकडे राखणदार मात्र जबरदस्त होते. सह्याद्रीतल्या गावोगावच्या देवराया पाहा. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा कसून अभ्यास केला आणि आपल्या डोळ्यांसमोर असलेला खजिना आपल्यालाच दाखवला. भोवतालचं रान तुटून गेलं तरी काळकाईच्या, वाघजाईच्या, भैरोबाच्या राईतला वृक्ष उभा. कित्येक राया अशा की वाळकी काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. झाड तोडायचंच झालं तर कोकणात देवाला कौल लावायचा, म्हणजे पुन्हा विचारायचंच. देव ‘हो’ म्हणाला तर ठीक, नाही तर झाड तसंच राहू दे. तिथे पाटी नव्हती, दंड नव्हता, शिट्टी नव्हती. ती जागा कुणाची तरी आहे, एवढं मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड लाल खडकाचे मालक आनांगू लोक. १९८५ मध्ये ती जमीन त्यांना परत मिळाली. त्यांनी पर्यटकांना अनेक वर्षं अगदी नम्रपणे सांगितलं की ही आमची पवित्र जागा आहे, कृपा करून वर चढू नका. ‘कृपा करून’ म्हटल्याने लोक चढत राहिले. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई पूर्ण बंद झाली, आणि बंद होणार म्हटल्यावर अखेरच्या दिवसांत चढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. गंमत पुढेच आहे. तिथल्या कार्यालयात गेली कित्येक वर्षं टपालाने दगड येतात. उलुरूवरून कुणीतरी खिशात घालून नेलेले, आणि सोबत चिठ्ठी, ‘चुकलं, क्षमा असावी, हा परत त्याच्या जागी ठेवा.’ काहींनी त्याबरोबर आपल्यावर ओढवलेल्या आपत्तींची यादीही जोडलेली असते. म्हणजे साता समुद्रांपलीकडे गेल्यावर त्यांनाही हेच कळलं की ती जागा कुणाची तरी होती. फक्त टपालखर्च पडला.

मला वाटतं, आपल्या जुन्या घरांच्या रचनेत याचं उत्तर होतं. अंगणात कुणीही यावं. ओसरीवर ओळखीच्याने टेकावं. माजघरात यायला आतून कुणीतरी ‘या’ म्हणावं लागे. देवघरात हातपाय धुऊन, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर घरच्यांनीही खोकून जायचं. कुठल्याही दारावर ‘प्रवेश बंद’ लिहिलेलं नव्हतं. पाहुणा आपोआप योग्य उंबरठ्यावर थांबायचा, कारण तो पाहुणा होता. डोंगरालाही ओसरी असते आणि माजघर असतं. काजव्यांचा हंगाम ही बाळंतिणीची खोली आहे. आपण तिकीट काढून आलेलो असतो, त्यामुळे सगळ्या खोल्या दाखवा म्हणतो.

गावाचं काय? गावाला पर्यटक हवे असतात, आणि का नसावेत? पावसाळ्याचे दोन महिने आणि काजव्यांचे तीन आठवडे यांवर पिठलं-भाकरीचं, तंबूंचं, गाडी लावायच्या जागेचं बरंच काही चालतं. दरवर्षी पाऊस सुरू झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, देवकुंड धबधब्यासारखी ठिकाणं बंद होतात, आणि आदेश बरोबरच असतो, पण ज्याचं दुकान त्या वाटेवर आहे त्याच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही. जून २०२४ च्या अखेरीला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या प्रवाहात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर बंदी नको म्हणायची कुणाची छाती होईल? तरी मला असं वाटत राहतं की सरसकट ‘बंद’ आणि सरसकट ‘उघडं’ या दोन्हींत तो म्हातारा कुठेच नाही. ‘आज नको, परवा या, चार जणं या, माझ्या पोराला संगं न्या,’ असं सांगणारा. त्याला त्या वाटेचे पैसे मिळावेत आणि त्या पैशांबरोबर ‘नाही’ म्हणायचा अधिकारही मिळावा. नुसते पैसे दिले तर तो ‘नाही’ म्हणणार नाही. नुसता अधिकार दिला तर खाणार काय?

म्हणून मी एक मार्गदर्शक पुस्तक लिहायचं ठरवलं आहे. त्यात सगळं असेल: एसटी किती वाजता सुटते, कुठल्या फाट्यावर उतरायचं, झुणका कुठे बरा मिळतो, कोणत्या देवळात रात्री पाठ टेकता येते. नकाशेही असतील, उत्तम, बेडेकरला मान खाली घालायला लावतील असे. फक्त प्रत्येक नकाशातला शेवटचा एक मैल कोरा असेल, आणि तिथे एकच ओळ: पुढचं गावात विचारा. कुठल्या झाडाखाली काजवे असतात, कुठल्या कातळावर कोणती फुलं येतात, कुंडात कुठवर उतरता येतं, यातलं काहीही नाही. काही पानांवर तर ठिकाणाचं नावही नसेल, तालुका तेवढा असेल. गावाने सांगितलं तर जा, नाही सांगितलं तर चहा पिऊन परत या. चहाचे पैसे द्या.

मामांना मी हा बेत सांगितला. त्यांनी चष्मा वर केला, कपाटाकडे पाहिलं आणि बँकेतल्या जुन्या सवयीने व्यवहाराचा मुद्दा काढला. “पण असं पुस्तक विकत कोण घेणार? हजार प्रतींमधल्या दहासुद्धा खपायच्या नाहीत.”

दहा म्हणजे मला जरा जास्तच वाटतात. पण तेवढ्या माणसांना साम्रदची ओसरी पुरेल.